किल्ली हरवली? लगेच सांगा!

मुलांनो, तुमच्या शाळेत हस्तलिखित निघतं ना? कुणी कविता देतं, कुणी गोष्ट. ज्याचं अक्षर सुबक, तो सगळं उतरवून काढतो. चित्रं काढणारी मंडळी रंगपेट्या घेऊन कोपऱ्यात बसतात. महिनाभर खपल्यावर एक जाडजूड वही तयार होते. ती कुणा एकाची नसते, सगळ्या वर्गाची असते.

संगणकाचे मोठमोठे प्रोग्रॅमही असेच तयार होतात बरं का! संगणकाला द्यायच्या सूचना एकाखाली एक लिहिलेल्या असतात. त्या मजकुराला म्हणतात कोड. मोठ्या प्रोग्रॅममध्ये अशा लाखो ओळी असतात. त्या एकट्याने लिहून संपतील होय? मग कुणी पुण्यात बसून लिहितं, कुणी बंगळुरात, तर कुणी थेट जर्मनीत. वही मात्र एकच.

आता तुम्ही म्हणाल, एवढी माणसं एकाच वहीत लिहायला लागली तर गोंधळ नाही का होणार? होईलच की! म्हणून तर २००५ साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या संगणकतज्ज्ञाने ‘गिट’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. कोणती ओळ कुणी लिहिली, कधी बदलली, याची गिट पानोपानी नोंद ठेवतो. त्याची आणखी एक सवय नीट लक्षात ठेवा, ती पुढे कामाला येणार आहे. एखादी ओळ तुम्ही आज खोडली, तरी कालच्या पानावर ती तशीच राहते. पान उलटून कुणीही ती वाचू शकतं.

अशा वह्या इंटरनेटवर ठेवण्याची एक प्रसिद्ध जागा म्हणजे २००८ साली सुरू झालेलं ‘गिटहब’. तिथे स्वतःचं खातं उघडायला वयाची १३ वर्षं पूर्ण असावी लागतात. तेव्हा पाचवी-सहावीतल्या दोस्तांनो, थोडं थांबा. पण आज आपण जे बघणार आहोत, ते समजून घ्यायला वयाची अट नाही!

सगळ्या घराची किल्ली कशाला?

वही सगळ्यांची असली, तरी येणाऱ्या-जाणाऱ्याने वाटेल ते खरडून चालत नाही. दारावर कुणीतरी विचारायला हवं, ‘तू कोण? तुला आत सोडायचं का?’ त्यासाठी पूर्वी नाव आणि पासवर्ड पुरत असे.

पण यात एक अडचण आली. वहीत हल्ली फक्त माणसंच लिहीत नाहीत. काही कामं दुसरे प्रोग्रॅम आपोआप करतात. रोज रात्री नवा कोड तपासायचा, चुका शोधायच्या, सकाळी अहवाल द्यायचा. अशा मदतनीस प्रोग्रॅमला आपला पासवर्ड देऊन टाकायचा का? पासवर्ड म्हणजे सगळ्या घराची किल्ली. ती हातात असली की वही वाचता येते, फाडता येते, आणि मालकालाच बाहेर काढून कुलूपही बदलता येतं!

यावर उपाय निघाला तो टोकनचा. टोकन म्हणजे ठरावीक कामापुरती दिलेली वेगळी किल्ली. दिसायला ती अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ असते. १३ ऑगस्ट २०२१ पासून तर गिटहबने गिटच्या कामासाठी पासवर्ड चालवून घेणंच बंद केलं. टोकन आणा, नाहीतर तसाच एखादा दुसरा सुरक्षित पुरावा आणा!

एसटीचा पास आठवा

टोकन समजायला अवघड वाटतंय? मग तुमच्यापैकी जे एसटीने शाळेत येतात, त्यांनी आपला पास डोळ्यांपुढे आणावा. पासावर काय काय असतं? तुमचं नाव. कुठून कुठपर्यंत, तो मार्ग. आणि कधीपर्यंत, ती तारीख. गाव ते शाळा असा पास दाखवून महाबळेश्वरला जाता येईल का? कंडक्टरकाका पुढच्याच थांब्यावर उतरवतील! आणि तारीख उलटली की तोच पास नुसता कागद.

चांगल्या टोकनचंही असंच. ते बनवताना तीन गोष्टी ठरवायच्या.

पहिली, कोणती वही? माझ्या दहा वह्या असतील, पण मदतनीसाचं काम एकाच वहीत असेल, तर टोकनही त्या एकाच वहीचं.

दुसरी, काय करायची मुभा? नुसतं वाचायचं की लिहायचंही? चुका शोधणाऱ्याला वाचता आलं की पुरे.

तिसरी, किती दिवस? काम महिन्याचं असेल तर मुदतही महिन्याचीच.

गिटहबच्या जुन्या प्रकारच्या टोकनमध्ये एकेक वही वेगळी निवडता येत नसे. दिलं की मालकाच्या सगळ्या वह्या खुल्या! २०२२ साली नव्या प्रकारची टोकनं आली आणि अशी बारीक वाटणी करता येऊ लागली. वर्षभर कुणी वापरलंच नाही, तर असं टोकन गिटहब स्वतःहून काढून टाकतं. बंद पडलेल्या घराच्या किल्ल्या लोंबकळत ठेवायच्या कशाला?

पण पासात आणि टोकनमध्ये एक मोठा फरक आहे हं! पासावर तुमचा फोटो असतो, त्यामुळे दुसऱ्याने दाखवला तर तो पकडला जातो. टोकनला फोटो नाही. ते ज्याच्या हाती, तोच मालक, असं यंत्र धरून चालतं. म्हणून ते हरवणं फार वाईट.

लपवलेली गोष्ट

किती वाईट, ते एका खऱ्या घटनेवरून बघू. ‘उबर’ ही टॅक्सी पुरवणारी कंपनी तुम्हाला ठाऊक असेल. २०१६ साली चोरांनी या कंपनीच्या अभियंत्यांची गिटहबवरची खासगी वही उघडली. खासगी म्हणजे बाहेरच्यांना न दिसणारी. पण आत गेल्यावर त्यांना काय सापडलं? कोडच्या ओळींमध्येच दुसऱ्या एका कोठाराची किल्ली लिहून ठेवलेली होती! त्या कोठारात कंपनीची माहिती साठवलेली होती. चोरांनी किल्ली उचलली आणि जगभरातल्या ५ कोटी ७० लाख प्रवाशांची आणि चालकांची माहिती पळवली. नावं, ईमेलचे पत्ते, मोबाइल नंबर.

खरी चूक तर पुढेच झाली. ज्यांची माहिती गेली, त्यांना कंपनीने काही सांगितलंच नाही. उलट चोरांना १ लाख डॉलर देऊन प्रकरण झाकलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये ते उघड झालं, आणि २०१८ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांशी तडजोड करताना कंपनीला १४ कोटी ८० लाख डॉलर मोजावे लागले. पैसे गेले, आणि लोकांचा विश्वास गेला तो वेगळाच.

सतरा मिनिटं

आता दुसरी घटना ऐका. ‘पायथन’ ही संगणकाची भाषा तुमच्यापैकी काहींचे दादा-ताई शिकत असतील. सीबीएसईच्या अकरावी-बारावीला संगणकशास्त्र घेतलं की ती असतेच. जगभरचे असंख्य प्रोग्रॅम या भाषेत लिहिलेले आहेत.

पायथनच्या कामातली एक जबाबदार व्यक्ती आपल्या संगणकावर एक प्रोग्रॅम लिहीत होती. त्या प्रोग्रॅमला गिटहबकडून सारखी माहिती विचारावी लागे. ओळख न दाखवता विचारलं, तर गिटहब तासाला ६० प्रश्नांचीच उत्तरं देतं. टोकन दाखवलं, तर ५,०००. काम अडू नये म्हणून त्यांनी आपलंच टोकन तात्पुरतं कोडमध्ये लिहिलं आणि नंतर आठवणीने खोडूनही टाकलं. झालं, मिटलं?

नाही! प्रोग्रॅम लवकर सुरू व्हावा म्हणून पायथन कोडची एक यंत्रासाठीची प्रत गुपचूप करून ठेवतो. मूळ ओळ खोडली गेली, पण ही प्रत तशीच राहिली. पुढे तो प्रोग्रॅम बांधून इंटरनेटवर ठेवला, तेव्हा ती प्रतही त्याच गाठोड्यातून बाहेर गेली. वर्षाहून अधिक काळ ती तिथे, सगळ्यांच्या नजरेसमोर होती. आणि ते टोकन साधंसुधं नव्हतं. पायथन भाषेच्याच वह्यांची सगळी सत्ता त्यात होती! एखाद्या दुष्टाच्या हाती ते पडलं असतं, तर पायथनमध्येच विषारी ओळी मिसळता आल्या असत्या.

सुदैवाने ते सापडलं ‘जेफ्रॉग’ कंपनीच्या सुरक्षा-संशोधकांना. जून २०२४ मध्ये त्यांनी पायथनच्या लोकांना कळवलं. कळवल्यापासून सतरा मिनिटांत टोकन रद्द! रद्द केलेलं टोकन म्हणजे उलटलेल्या तारखेचा पास. चोराकडे असलं तरी त्याच्या काही उपयोगाचं नाही. मग जुन्या नोंदी तपासल्या, कुणी गैरफायदा घेतल्याचं दिसलं नाही. आणि ज्यांचं टोकन होतं, त्यांनी ते कसं सुटलं याची हकीकत स्वतः लिहून जगाला सांगितली. त्यावरून कितीतरी जण शहाणे झाले.

पाहिलंत ना? दोन्हीकडे चूक जवळजवळ सारखीच होती, किल्ली कोडमध्ये लिहिण्याची. फरक पडला तो चूक कळल्यावर काय केलं, याने.

मग करायचं काय?

मोठेपणी तुम्ही कोड लिहाल, तेव्हा हे विसरू नका.

टोकन कोडमध्ये लिहायचं नाही, ‘आजच्या दिवस’ म्हणूनसुद्धा नाही. ते वहीबाहेर, वेगळ्या सुरक्षित जागी ठेवायचं. गिटहब ते बनवताना एकदाच दाखवतं, पुन्हा नाही. हरवलं तर शोधत बसू नका, नवं बनवा.

टोकन उघडं पडलं, तर ओळ खोडून गप्प बसायचं नाही. का बरं? गिटची सवय आठवा! कालच्या पानावर ते असतंच, आणि चोरांचे प्रोग्रॅम रात्रंदिवस पानं चाळत असतात. म्हणून आधी टोकन रद्द, बाकीचं मागाहून.

यात गिटहबही मदत करतं. २०२१ पासून त्याची टोकनं ठरावीक अक्षरांनी सुरू होतात. नेहमीचं टोकन असेल तर आधी ‘जी-एच-पी’, मग एक आडवी रेघ, आणि पुढे माळ. पासाचा रंग लांबून ओळखावा, तसं हे ओळखू येतं. सर्वांना खुल्या असलेल्या वहीत असं टोकन सापडलं, तर गिटहब ते आपणहून रद्द करतं. पण पायथनचं टोकन भलत्याच ठिकाणच्या गाठोड्यात होतं, तिथे ही नजर पोचली नाही. शेवटी माणसांनीच माणसांना सांगितलं, म्हणून ते वाचलं.

आता दोन शब्द आईबाबांसाठी

घरात कुणी कोड लिहीत नसेलही, पण मोबाइलवर येणारा ओटीपी तुमच्या ओळखीचा आहे. तोही एका कामापुरता आणि काही मिनिटांपुरता दिलेला पासच. त्यालाही फोटो नाही, ज्याच्या कानावर पडला त्याचा तो झाला. उद्या मुलाने किंवा मुलीने फोनवर कुणाला तो सांगून टाकला, तर तुम्हाला ते केव्हा कळेल? पाच मिनिटांत, की महिन्याच्या शेवटी बँकेचा हिशेब बघताना? हे तुमच्या रागावर ठरतं. शाळेतही आम्ही रोज बघतो, ज्या मुलाला माराची भीती असते, ते फुटलेली पाटी दप्तरात लपवतं. पाटी लपवली तर फार बिघडत नाही. हरवलेली किल्ली लपवली, तर चोराला वेळ मिळतो. म्हणून सांगायला आलेल्या मुलाचं आधी ऐका, मग कुलूप बदला. रागवायचंच असेल, तर ते संध्याकाळी.

करून पाहा

एक कागद घ्या आणि तुमच्या हस्तलिखितासाठी पास तयार करा. चित्रं काढणाऱ्याला कोणती पानं हवीत? शुद्धलेखन तपासणाऱ्या ताईला लिहायची मुभा द्यायची, की नुसती वाचायची? मुखपृष्ठ रंगवणाऱ्याचा पास किती दिवसांचा? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पास हरवला तर तो कुणाला सांगायचा, त्याचं नाव कागदाच्या वरच मोठ्या अक्षरात लिहा.