शब्द तोच, मुलूख वेगळा

कल्याणहून कर्जतकडे जाताना पुढचे स्थानक विठ्ठलवाडी, त्यापुढे उल्हासनगर. या पट्ट्यात मराठी, हिंदी, उर्दू आणि सिंधी शेजारी-शेजारी नांदतात. आपल्या घरांत शाळेची मराठी आहे, मकतबातली अरबी आहे, आणि कुणी ना कुणी आखातात नोकरीला असतो. म्हणून एकच शब्द आपल्याला निरनिराळे अर्थ घेऊन भेटतो.

'कायदा' पाहा. कोर्टातला कायदा वेगळा आणि लहानग्यांच्या दप्तरातला, अलिफ-बे शिकवणारा कायदा वेगळा. अरबीत 'काइदा' म्हणजे पाया, तसेच नियम. 'तालीम' उर्दूत शिक्षण. मराठीत मात्र पैलवानांचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. 'राजीनामा' मराठीत नोकरी सोडण्याचा, तर उर्दूत भांडण मिटल्याचा कागद. 'तक्रार' अरबीत नुसती पुनरावृत्ती, उर्दूत भांडण, मराठीत गाऱ्हाणे. तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा काढली की भांडण होते, हे कोणत्या घराला ठाऊक नाही?

दुबईत 'मकतब' म्हणजे कचेरी. तिकडे गणित-विज्ञान शिकवणारी साधी सरकारी शाळाही 'मदरसा'च. आपल्याकडे मात्र या दोन्ही शब्दांनी फक्त दीनी शिक्षण डोळ्यांपुढे येते.

इथवर गंमत आहे. पण हेच शब्द दीनच्या पुस्तकात भेटतात, तेव्हा जपून वाचावे लागते. सूरह नहलच्या ६९व्या आयतीत मधासाठी 'शराब' हा शब्द आला आहे. अरबीत शराब म्हणजे कोणतेही पेय. नशेच्या दारूला तिथे 'खम्र' म्हणतात. उर्दूच्या सवयीने वाचणारे मूल इथे गोंधळणारच. दुनियेत 'गरीब' होऊन राहा, अशा अर्थाची हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. तिथे गरीब म्हणजे परका, परदेशी. ती शिकवण दुनियेत मन न गुंतवण्याची आहे, कंगाल होण्याची नव्हे.

सगळ्यांत जास्त लक्ष द्यावे असा शब्द 'फकीर'. मराठीत फकीर म्हटले की झोळी घेऊन फिरणारा समोर येतो. अरबीत फकीर म्हणजे गरजवंत, मग तो हात पसरो वा न पसरो. सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत पहिले नाव 'फुकरा', म्हणजे फकीर लोकांचे. मराठी अर्थ धरून बसलो तर आपली जकात मशिदीच्या दारावरच संपते. मुलांची फी थकलेली, पण तोंडातून शब्द न काढणारी शेजारची विधवा मात्र राहून जाते.

म्हणून मुलांना आयत पाठ करवताना तिचा तर्जुमाही वाचून दाखवावा. अडलेला शब्द मौलानांना विचारावा. आणि या रमजानमध्ये जकातीची यादी करायला बसाल, तेव्हा ज्यांनी कधीच मागितले नाही, त्यांची नावे आधी लिहा.