गाव कोणतं तुमचं?

संपादकांनी काम दिलं होतं ते सरळ: नाशिकचं सगळ्यात जुनं हॉटेल शोधा आणि त्याचा इतिहास लिहा. मुंबईसाठी उत्तर तयार असतं. 1903 साली उघडलेलं ताज, त्याच्याही आधीचं काळाघोड्याचं वॉटसन. नाशकात मी दोन दिवस लॉजच्या पाट्या वाचत फिरलो आणि तिसऱ्या दिवशी पंचवटीत एका वाड्याच्या ओसरीवर टेकलो. इथं पाटी नाही, खोल्यांना नंबर नाहीत. पण उतरलेल्या माणसांच्या नोंदी आहेत, आणि त्या कोणत्याही हॉटेलच्या रजिस्टरपेक्षा खोल आहेत.

नाशिकला येणारी माणसं हॉटेलात उतरतच नसत. गोदावरीला इथं गंगाच म्हणतात, आणि गंगेवर आलेलं कुटुंब आपल्या क्षेत्रोपाध्यांकडे उतरायचं. अंघोळ रामकुंडावर, श्राद्ध घाटावर, जेवण आणि अंथरूण उपाध्यांच्या वाड्यात. पुढे रेल्वे आली. स्टेशन नाशिकरोडला, गावापासून लांब, म्हणून मध्ये काही दशकं घोड्यांची ट्रामसुद्धा धावली. उतारूंना स्टेशनापासूनच एक प्रश्न ऐकू येई: गाव कोणतं तुमचं?

मलाही या वाड्यातल्या उपाध्ये गुरुजींनी तेच विचारलं. सिन्नरजवळचं गाव सांगितलं. मग आडनाव, मग आजोबांचं नाव. "ते आमच्याकडे नाही, चुलत्यांच्या वाटणीत गेलं. पण बसा," ते म्हणाले आणि आत चहा सांगितला. या घराण्यांत वाटणी व्हायची ती गावांची आणि आडनावांची. एका भावाला एका तालुक्यातली गावं, दुसऱ्याला दुसऱ्या. ब्रिटिश काळात मुंबई हायकोर्टानंही असल्या पिढीजात वृत्तीला स्थावर मालमत्तेसारखं धरलं होतं. ती मालमत्ता म्हणजे या वह्या, नामावळी.

गुरुजींनी लाल बासन सोडलं. आत वेखंडाचे तुकडे आणि डांबराच्या गोळ्या. पान उघडताना त्यांनी बोटं आधी धोतराला पुसली. कोण आलं, बापाचं नाव, आजाचं, भाऊ किती, मुलगे किती, कशासाठी आले, तिथी, शक. खाली सही, नाहीतर अंगठा. जुन्या नोंदींत एक कबुलीही असते: आमच्या वंशातला जो कोणी या क्षेत्री येईल त्यानं यांनाच उपाध्ये मानावं. उतरणाऱ्यानं आपल्या न जन्मलेल्या पणतवंडांच्या मुक्कामाची सोय त्या ओळीत करून ठेवली आहे. मी ते पान बराच वेळ हातात धरून होतो.

जुनी पानं मोडीतली. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग बोरू न उचलता तिला अक्षरं लटकवत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वाचणाऱ्याला लिपी येऊन भागत नाही, घराणं माहीत असावं लागतं. गुरुजी एका ओळीवर अडले, डोळे मिटून त्या घरातली नावं पुटपुटले आणि मग म्हणाले, "रखमाजी. यांच्यात रखमाजी दर तिसऱ्या पिढीला येतो."

बायका त्या मानानं फार थोड्या. आई, बायको, 'सहकुटुंब'. मुली सासरी गेल्या की बहुधा त्या घराच्या पानावरून नाहीशाच होतात. आणि ज्यांना या ओसरीवर पाय ठेवता येत नव्हता, ते तर वहीच्या बाहेरच राहिले. 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो इथून हाकेच्या अंतरावर. हजारो माणसं रामाच्या दाराशी उभी होती आणि दार बंद होतं. अशा दाराबाहेर राहिलेल्यांसाठी गाडगे महाराजांनी नाशिकला, पंढरपूरला, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. नाशिकच्या पाहुणचाराचा इतिहास लिहायचा तर ही गोष्ट मी वाड्याच्या गोष्टीहून मोठी मानतो. ती वगळून वह्यांचं कौतुक करणं मला जमणार नाही.

तरीही या वह्यांची काळजी वाटते. कसर लागते, वाळवी लागते. काळी शाई टिकली, पण मधल्या काळातली फाउंटन पेनची निळी शाई फिकी पडत चालली आहे. गुरुजींचा मुलगा पुण्याला नोकरीत आहे. त्याला मोडी येत नाही आणि शिकायला वेळ नाही. वह्यांचे फोटो काढून ठेवा, असं मीच सुचवलं. फोटो निघतील, ते म्हणाले, पण दर तिसऱ्या पिढीचा रखमाजी फोटोत दिसत नाही.

आणि पाणी. पूर किती चढला हे नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात: पायाला लागलं, कमरेला आलं, डोक्यावरून गेलं. सप्टेंबर 2008 मध्ये गंगा वाड्यात शिरली तेव्हा वह्या माडीवर नेल्या, तीन बासनं मात्र खाली राहिली. ती पानं एकमेकांना चिकटली आहेत. थंडीत, हवा कोरडी असताना, गुरुजी बांबूची पातळ कामटी घालून ती सोडवतात. काही सुटतात, काहींचा भुगा होतो.

2 ऑगस्ट 2027 ला सिंहस्थाचं अमृतस्नान आहे. हॉटेलं तोवर भरतील, तपोवनात साधुग्राम वसेल, आणि कुणी ना कुणी ऐन पावसाळ्यात या ओसरीवर येऊन आजोबांची नोंद मागेल.

"त्या तीन बासनांतले यजमान आले तर काय सांगता?" मी विचारलं.

"आधी बसा म्हणतो. मग आठवतील तेवढी नावं सांगायला लावतो. बायका जास्त सांगतात. माहेरचीसुद्धा सांगतात." त्यांनी नवी वही पुढे ओढून दाखवली. त्यातल्या नोंदी देवनागरीत आहेत, आणि पहिल्याच पानावर चार बायकांची नावं आहेत.