करांचीं नांवें आणि त्यांचे अर्थ

घरपट्टीचें देयक हातीं आलें म्हणजे बहुतेक घरांत सर्वांची दृष्टि एकाच आकड्याकडे जाते. तो म्हणजे तळाचा. एकत्र कुटुंबांत तो आकडा भावाभावांत वांटून घ्यावयाचा असल्यामुळें त्यावर चर्चाही बरीच होते. परंतु त्याच्या वर जे लहान लहान रकाने असतात ते क्वचितच कोणी वाचतो. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली आणि आमचें वालीव तिच्या हद्दींत आलें. तेव्हांपासून येथील घरोघरीं आणि कारखान्यांच्या गाळ्यांत असे देयक-कागद येतात. त्यांतील प्रत्येक शब्दाचें कूळ निराळें आहे, आणि तें जाणणें केवळ पंडितांचें काम आहे असें नव्हे.

प्रथम ‘कर’ हाच शब्द घ्या. संस्कृतांत त्याचे तीन अर्थ प्रसिद्ध आहेत : हात, किरण आणि राजाला द्यावयाचा अंश. सूर्य आपल्या करांनीं पाणी शोषून घेतो व पावसाच्या रूपानें परत देतो. राजानेंही तसेंच करावें, ही कल्पना कवींना याच श्लेषांतून सुचली असावी. याखेरीज ‘बलि’ म्हणजे प्रजेनें अर्पण केलेला भाग, ‘भाग’ म्हणजे पिकांतील हिस्सा, ‘शुल्क’ म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या मालावरील देणें, आणि ‘विष्टि’ म्हणजे द्रव्याऐवजीं घेतलेले श्रम. आपली ‘वेठ’ ती हीच. मनूनें पशु व सुवर्ण यांचा पन्नासावा भाग आणि धान्याचा सहावा, आठवा अथवा बारावा भाग सांगितला आहे. जमीन व कष्ट पाहून प्रमाण बदलावें, हें तत्त्व त्या काळींही होतें.

शुल्काची गोष्ट आमच्या प्रांताला नवी नाहीं. वालीवपासून थोड्याच अंतरावर असलेलें सोपारें हें प्राचीन बंदर. तेथून घाटावर जाणाऱ्या मालाला नाणेघाटाची वाट होती, आणि त्या घाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठीं होता असें लोक परंपरेनें सांगतात.

‘चौथाई’ या शब्दाचा संबंधही उत्तर कोंकणाशींच आहे. दमणच्या पोर्तुगीज मुलखांतील गांवांकडून रामनगरचा कोळी राजा चौथा हिस्सा घेत असे. १६७२ सालीं शिवाजी महाराजांनीं रामनगर जिंकल्यावर त्या हक्काची मागणी मराठ्यांकडून होऊं लागली. पुढें १७१९ सालीं दख्खनच्या सहा सुभ्यांवरील चौथाईची आणि दहाव्या हिश्शाच्या सरदेशमुखीची सनद बाळाजी विश्वनाथांनीं दिल्लीहून आणली. दोन्ही शब्दांनीं पैसाच येई. परंतु सरदेशमुखी हें वतनाचें उत्पन्न मानलें जाई, आणि चौथाईच्या मागें संरक्षणाचें आश्वासन व फौजेचें भय हीं दोन्ही असत. नांव निराळें म्हणजे हक्काचा आधार निराळा, हें येथें स्पष्ट दिसतें.

वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता. ते जमिनी ठरीव खंडावर देत. त्या खंडास त्यांच्या भाषेंत ‘फोरो’ म्हणत. तो अंमल चिमाजी आप्पांनीं संपविला. पण मुंबईच्या फोरास रोडच्या नांवांत तो शब्द टिकून राहिला.

राज्य जातें, कर जातो, शब्द मात्र मागें उरतो. ‘जकात’ ही मूळ अरबी संज्ञा. तिचा अर्थ इस्लाम धर्मानें सांगितलेलें, संपत्तीच्या चाळिसाव्या भागाचें दान. मराठींत येतां येतां ती नाक्यावरील वसुली झाली. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला आणि मुंबईची जकात बंद झाली. तरी दहिसरचा ‘जकातनाका’ लोकांच्या तोंडीं आहेच. ‘पाटदाम’ मात्र कोशांतच राहिला. विधवेनें पाट लावला म्हणजे सरकारांत भरावयाची ही रक्कम. स्त्रीच्या संसारावर बसविलेला तो कर लोपला हें बरेंच झालें.

आतां देयकाकडे वळूं. ‘पट्टी’ म्हणजे सर्वांवर वांटून बसविलेली रक्कम. ‘घरपट्टी’ व ‘पाणीपट्टी’ यांत तोच भाव आहे. ‘कर’ दिला म्हणजे त्याच्या बदल्यांत देणाऱ्यास अमुकच वस्तु मिळाली पाहिजे असें बंधन नसतें. तो सार्वजनिक खर्चास जातो. ‘शुल्क’ हा शब्द आज दोन अर्थांनीं चालतो. सीमाशुल्क व मुद्रांक शुल्क हे वास्तविक करच. परीक्षा-शुल्क अथवा परवाना-शुल्क यांच्या मागें मात्र कांहीं विशिष्ट सेवा असावी लागते. कर व फी यांतील हा भेद सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालच्या शिरूर मठाच्या निकालांत मांडला. ‘उपकर’ म्हणजे ठराविक कार्यासाठीं घेतलेला कर. यास ‘उपकार’ समजूं नये! गाळ्यांवरील रोजगार हमी उपकर हें त्याचें उदाहरण. ‘अधिभार’ म्हणजे कराच्या रकमेवर पुनः चढविलेला कर.

हा भेद दिसतो तितका शुष्क नाहीं. केंद्र सरकार जो कर घेतें त्यांतील हिस्सा राज्यांस मिळतो. परंतु घटनेच्या २७० व्या कलमाप्रमाणें उपकर व अधिभार त्या वांटणींतून वगळलेले आहेत. २०१८ पासून प्राप्तिकरावर आरोग्य व शिक्षण यांसाठीं चार टक्के उपकर आहे. देणाऱ्याच्या खिशाला कर व उपकर यांत फरक जाणवत नाहीं. राज्याच्या तिजोरीला मात्र तो पुरता जाणवतो. शिवाय ज्या कार्याचें नांव घेऊन उपकर बसविला, त्याच कार्यास तो लागला कीं नाहीं हें विचारण्याचा आधार आपणांस त्या नांवांतच मिळतो. शिक्षणाच्या नांवानें पैसा घेतला तर शाळेचें छप्पर गळूं नये, आणि वृक्षांच्या नांवानें घेतला तर रस्त्याकडेला सावली दिसावी, ही अपेक्षा अवास्तव नव्हे.

म्हणून पुढील देयक आलें म्हणजे तें घरांतील इंग्रजी-मराठी शिकणाऱ्या मुलामुलींच्या हातीं द्यावें आणि एकेक रकाना मोठ्यानें वाचावयास सांगावा. प्रत्येक नांवापुढें तीनच प्रश्न लिहावेत : हा पैसा कोण घेतो, कोणत्या कायद्यानें घेतो, आणि कशासाठीं घेतो? ज्या रकान्याचें उत्तर घरांत सांपडणार नाहीं, तें प्रभाग कार्यालयांत जाऊन विचारावें. पैसे मुदतींत भरणें हें जसें कर्तव्य, तसेंच हें विचारणेंही कर्तव्यच होय.