सीगल? कोणता सीगल?

जानेवारीतला रविवार. पुण्याहून कागलला मामाकडे गेले होते. सकाळी सकाळी जयसिंगराव तलावावर दुर्बीण गळ्यात अडकवून उभी होते. पाण्यावर पाच-सहा पांढरे पक्षी भिरभिरत होते. मामाने गाडी स्टँडला लावली.

"मामा, ओळख बरं कोण आहेत?"

"बगळंच की ती. पांढरं दिसलं की बगळं, दुसरं काय असतंय?"

मामाला हसायचा मला काडीचा हक्क नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझाही फंडा हाच होता, फक्त शब्द इंग्रजी. गेटवेहून मांडव्याच्या बोटीत बसायचं, वेफर्स उडवायचे आणि 'वॉव, सीगल्स!' म्हणून किंचाळायचं. (वेफर्सचं मीठ आणि तेल त्यांच्या पोटासाठी नाही. प्लीज, बंद करा.) कॉलेजात 'जोनाथन लिव्हिंगस्टन सीगल' वाचलेलं, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं ही खात्री. पण पक्ष्यांच्या यादीत नुसता 'सीगल' असा पक्षीच नाही! हे ज्ञान मला भिगवणला झालं.

उजनीच्या पाण्यावर भिगवणला हिवाळ्यात कुरव येतात. गलचं हे मराठी नाव. त्यातले दोन एकदम जुळे भाऊ: तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव. सोप्पंय, डोकं बघायचं, असं म्हणून मी होडीत तासभर डोकीच बघत बसले. सगळी पांढरी! डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका, कानाला हेडफोन लावल्यासारखा.

गोम अशी, की ही नावं त्यांच्या विणीच्या काळातल्या पिसाऱ्यावरून पडलीत. तपकिरी डोक्याचा कुरव अंडी घालतो लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांवर, दुसरा युरोप आणि आशियाच्या उत्तर भागात. तिथे डोक्यावर गडद टोपी चढते. आपल्याकडे येतात तेव्हा टोपी उतरवलेली असते. लग्नातल्या फोटोवरून कुणाला ऑफिसात शोधायला जावं, तसलाच प्रकार. त्यात कहर म्हणजे 'काळ्या डोक्याच्या' कुरवाचं डोकं उन्हाळ्यातही काळं नसतं, चॉकलेटी असतं!

मग ओळखायचं कसं? डोळे बघा. पूर्ण वाढलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचे डोळे फिकट, म्हणून चेहरा जरा रागीट दिसतो. दुसऱ्याचे डोळे गडद, भाबडे. आणि उडताना पंख. तपकिरीच्या पंखांची टोकं ठसठशीत काळी आणि त्यात पांढरे ठिपके. काळ्या डोक्याच्याला पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरा पट्टा, काळं फक्त मागच्या काठाला. पहिला अंगानेही थोडा थोराड.

शास्त्रीय नावांची गंमत वेगळीच. काळ्या डोक्याच्याला लिनियसने १७६६ मध्ये 'रिडिबंडस' म्हटलं, म्हणजे हसरा. त्याचं ओरडणं त्याला हसण्यासारखं वाटलं असावं. उलट आपल्या कालिदासाने 'रघुवंशा'त टाकून दिलेल्या सीतेच्या आक्रोशाला उपमा दिली ती कुररीची. कुररी म्हणजे नेमका कोणता पक्षी यावर वाद आहेत. काही जण टर्न म्हणतात, काही जण मासेमार गरुडाची मादी. पाण्यावरचा तोच कर्कश आवाज, एकाला हसू ऐकू येतं, दुसऱ्याला रडू!

तर कागलच्या तलावावरचे कुरव नव्हते, टर्न होते. मराठीत सुरय. कुरव बदकासारखा पाण्यावर आरामात तरंगतो, सुरय क्वचितच बसतो. अंगाने सडपातळ, चोच टोकदार आणि उडतानाही मान खाली, मासे शोधत. तिथे दोन प्रकारचे होते. आखूड शेपटीचे, काळ्या चोचीचे, पाण्याच्या पृष्ठभागावरून नुसतं टिपून घेणारे ते व्हिस्कर्ड टर्न. 'व्हिस्कर्स' म्हणजे मिशा, पण त्याही उन्हाळ्यातच दिसतात, हिवाळ्यात गायब! शास्त्रीय नावात 'हायब्रिडा', कारण पल्लासला तो दोन जातींचा संकर वाटला होता.

"हायब्रीड? आमच्या ज्वारीगत?" मामा खूश.

तेवढ्यात एक जण थेट पाण्यात सूर मारून वर आला. पिवळीधमक चोच, लांब दुभंगलेली शेपटी. नदी सुरय. या सगळ्या गर्दीत बारा महिने इथलाच आणि नावाला जागणारा हा एकटा. आणि काळजी करावी असाही हाच. २०२० मध्ये त्याला जागतिक यादीत 'असुरक्षित' ठरवलंय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की नदीतल्या वाळूच्या बेटांवर हा उघड्यावर अंडी घालतो. घरटं कसलं, नुसता खळगा. वाळूउपसा झाला, कुत्री आली किंवा धरणातून अचानक पाणी सुटलं, की त्या वर्षीचा संसार बुडाला. कर्नाटकात भद्रा धरणात उन्हाळ्यात उघडी पडणारी बेटं आहेत, तिथे यांची मोठी वसाहत भरते. आमच्या दूधगंगेच्या काठी?

"वाळू ऱ्हायलीया कुठं नदीत," मामा म्हणाला. "आमी ल्हान असताना पोहून आलं की वाळूतच लोळायचो."

मग त्याने दुर्बीण मागून घेतली ती दहा मिनिटं परत दिली नाही.

"पिवळी चोच हाय. नदी सुरय. बरोबर?"

"बरोबर."

"आन ह्यो काठावर उभा हाय त्यो?"

"तो बगळाच आहे, मामा."