खडी फोडण्याचा हक्क

पगारपत्रकातली एक ओळ कोणी वाचत नाही. व्यवसाय कर, 200 रुपये. फेब्रुवारीत मात्र 300. अकरा महिन्यांचे 2,200 आणि हे 300 मिळून वर्षाला 2,500 होतात. राज्यघटनेने या कराला घालून दिलेली मर्यादाही तेवढीच. हिशोब जुळवायला बिचारा फेब्रुवारी सापडला. माझ्या पगारातूनही ही कपात कित्येक वर्षं होत होती. ती कशासाठी, हे मी एका नाल्यावर उभा राहिलो तेव्हा मला पहिल्यांदा नीट उमगलं.

उन्हाळ्याचे दिवस, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या बाजूचा एक तांडा. मातीनाला बांधाचं काम चाललेलं. बायकाच जास्त. एक टिकाव मारणारा, दोघी घमेली उचलणाऱ्या. खणलेल्या खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब तसाच ठेवलेला, वर गवताच्या काड्या अजून शाबूत. मजुरी तासांवर नसते, खणलेल्या मातीच्या मापावर असते. खड्डा किती खोल गेला त्याचा साक्षीदार तो खांब. काळ्या मातीत टिकाव सहज घुसतो. खाली मुरूम लागला की तेवढ्याच घामात माप निम्मं भरतं. त्यामुळे तिथे कोणी खोलीबद्दल बोलत नव्हतं, मुरूम कुठवर लागेल याचीच चर्चा होती.

याला आमच्याकडे ‘हमीचं काम’ म्हणतात. सरकारी भाषेत रोहयो, रोजगार हमी योजना.

या योजनेचं एक टोक याच तालुक्यात आहे. पुसदजवळच्या गहुलीत 1 जुलै 1913 ला वसंतराव नाईक जन्मले, बंजारा तांड्यावरच्या घरात. नागपूरला शिकले, वकील झाले, पुसदचे नगराध्यक्ष झाले आणि डिसेंबर 1963 पासून फेब्रुवारी 1975 पर्यंत मुख्यमंत्री राहिले. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असं पुण्याच्या शनिवारवाड्यावर जाहीरपणे सांगणारे ते हेच. फाशी कोणी दिली नाही, पण दुष्काळाने त्यांना सोडलं नाही.

दुसरं टोक विसापूरचं, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं. वि. स. पागे 1960 ते 1978 विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीचं काम सभागृह सांभाळायचं. पागे मात्र शेतमजुराच्या रिकाम्या दिवसांचा हिशोब करत बसले. अमुक इतक्या रुपयांत किती माणसांना किती दिवस काम देता येईल, एवढाच साधा प्रश्न. तो त्यांनी मुख्यमंत्र्यांपुढे मांडला. तासगाव तालुक्यातल्या काही गावांत प्रयोग झाला आणि 1972 मध्ये योजना राज्यभर आली. त्याच वर्षी पाऊस रुसला. मे 1973 मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. त्या पिढीच्या आठवणीत वाटपातली सुकडी आहे, खडी आहे आणि बिनकामाच्या रस्त्यांचे भराव आहेत.

खडी मुळात इंग्रजांची. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर त्यांनी दुष्काळ संहिता केल्या: लोकांना फुकट द्यायचं नाही, खडी फोडायला लावायची, मजुरी जगण्यापुरतीच ठेवायची. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाडाने ते भोगलं. आपला जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, यवतमाळ हे नाव 1905 चं. या संहितेमागची बुद्धी विलायतेतल्या 1834 च्या गरीब कायद्याची होती. गरिबाश्रमातलं जिणं बाहेरच्या सर्वात हलाखीच्या मजुरापेक्षाही वाईट असलं पाहिजे, म्हणजे आळशी माणूस आत यायचा नाही. मदत मागणाऱ्यावर पहिला संशय.

विलायतेने घरच्या घरी हा संशय पुढे टाकून दिला. त्या कामाचा आराखडा करणारा विल्यम बेव्हरिज जन्माने आपल्याकडचाच, 1879 साली बंगालातल्या रंगपूरचा. वडील इथे सनदी नोकरीत. डिसेंबर 1942 मध्ये, युद्ध चालू असताना, त्याचा अहवाल निघाला. दारिद्र्य, रोग, अज्ञान, गलिच्छ वस्त्या आणि बेकारी हे पाच राक्षस त्यात त्याने मोजले. तो स्वतः उदारमतवादी. कायदे केले ते 1945 साली निवडून आलेल्या अॅटलींच्या मजूर सरकारने. 1946 मध्ये राष्ट्रीय विम्याचा कायदा, 5 जुलै 1948 पासून मोफत आरोग्यसेवा. कल्पना एकाची, सत्ता दुसऱ्याची. पागे आणि नाईक यांची जोडी पाहिली की मला बेव्हरिज आणि अॅटली आठवतात.

पण साम्य तिथेच संपतं. बेव्हरिजचा कामगार दर आठवड्याला विम्याची वर्गणी भरतो आणि बेकार झाला की भत्ता घेतो. त्यासाठी आधी मालक लागतो आणि पगाराची नोंद लागते. कापूस वेचायला आज या वावरात आणि उद्या त्या वावरात जाणाऱ्या बाईची वर्गणी कापणार कोण? वेचणी संपली, पऱ्हाट्या उपटल्या की तिच्या हाताला पावसाळ्यापर्यंत काम नसतं, आणि तिला कोणी ‘काढून टाकलेलं’ही नसतं. म्हणून महाराष्ट्राने भत्त्याऐवजी काम दिलं, आणि वर्गणी तिच्याकडून न घेता शहरातल्या नोकरदाराकडून घेतली. 1975 चा व्यवसाय कर त्यासाठीच. त्यातून जेवढं जमेल तेवढंच राज्यानेही घालायचं. मुंबईकडे निघालेला लोंढा गावातच थांबला तर शहरालाही बरंच होतं, हा हिशोबही त्यात होता. म्हणून मी याला निव्वळ दानत म्हणणार नाही.

खरी उडी 1977 च्या कायद्याची. अठरा वर्षांवरच्या ग्रामीण माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं तर पंधरा दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. खडी तीच, घमेलं तेच, पण आता दार ठोठावणारा मजूर होता आणि उत्तर देणं सरकारवर बंधनकारक होतं. कायदा अंमलात आला 26 जानेवारी 1979 ला. योजना नाईकांच्या काळात सुरू झाली, कर शंकरराव चव्हाणांच्या काळात लागला, विधेयक वसंतदादांच्या काळात मंजूर झालं आणि अंमल शरद पवारांच्या काळात आला. चार मुख्यमंत्री बदलले, गोष्ट टिकली. नाईक तेव्हा वाशीमचे खासदार होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले.

भत्ता मात्र किमान एक रुपया रोज. एक रुपया! सरकारला लाज वाटावी इतकाही नाही. खोटी हजेरीपत्रकं, अर्धवट रस्ते, उशिरा मिळणारी मजुरी हे सगळं या योजनेने पाहिलं. तरीही देशाने कित्ता हिचाच गिरवला. 2005 चा केंद्राचा कायदा 2 फेब्रुवारी 2006 ला ज्या 200 जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात यवतमाळ होता. आपल्या जुन्या कायद्यात हक्क माणशी होता आणि दिवसांना मर्यादा नव्हती. केंद्राने कुटुंबामागे 100 दिवस ठरवले. मला विचाराल तर तिथे आपण थोडे मागे सरलो.

यंत्र चालतं की अडतं, ते एका कागदावर ठरतं. काम मागायचा अर्ज म्हणजे नमुना 4, आणि त्याची तारखेची पोच म्हणजे नमुना 5. पंधरा दिवस मोजायचे ते त्या तारखेपासून. पोच नाही तर तारीख नाही, तारीख नाही तर भत्ता नाही, आणि भत्ता नाही तर कोणाला घाईही नाही.

नाल्यावर सावलीला बसलेल्या एका म्हातारीला मी विचारलं, अर्ज कधी दिला होता?

“होळीच्या आंधी.”

“पोच?”

तिने कमरेची प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात जॉबकार्ड, आधार कार्डाची झेरॉक्स, बँकेचं पासबुक. सगळं एकेक करून मांडीवर ठेवलं, पुन्हा भरलं.

“पोच कोनी देते का, बाबू?”

तेवढ्यात मुकादमाने हाक दिली. खाली मुरूम लागला होता.