लाल ओळींची खिडकी

यूब्लॉक ओरिजिन या अ‍ॅडब्लॉकरमध्ये ‘लॉगर’ नावाची एक खिडकी असते. वापरणाऱ्यांपैकी फारच थोडे ती उघडतात. ती शेजारी लावून बातम्यांची एखादी साइट उघडली, की ओळी सरसर सरकू लागतात. आधी पान, फाँट, फोटो. मागोमाग जाहिरातींचे सर्व्हर आणि वाचकाचा माग काढणाऱ्या स्क्रिप्ट. अडवलेली प्रत्येक मागणी लाल. पावसाची दोन परिच्छेदांची बातमी वाचून झाली तरी लाल ओळी येतच असतात.

ओळीवर क्लिक केलं, की ती कोणत्या नियमाने अडली ते कळतं. दोन उभ्या रेघा, सर्व्हरचं नाव आणि शेवटी एक टोकदार खूण, एवढाच नियम. दोन हॅशचे नियम वेगळे. ते काही अडवत नाहीत, पानावर उरलेली रिकामी चौकट तेवढी झाकतात. ‘ईझीलिस्ट’सारख्या याद्यांमध्ये असे हजारो नियम आहेत. साइटवाल्यांनी चौकटीचं नाव बदललं, की कुणीतरी तक्रार करतं, कुणीतरी यादी दुरुस्त करतं. हे रोजचंच, आणि बरंचसं बिनपगारी. यूब्लॉक ओरिजिनचा कर्ता रेमंड हिल तर देणग्याही घेत नाही.

पान लवकर उघडतं, डेटा वाचतो, हे सगळेच सांगतात. मला त्याहून मोठा वाटतो तो फसवणुकीपासूनचा बचाव. सर्चमध्ये नामांकित कंपन्यांच्या नावाने खोट्या जाहिराती येतात म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेच अ‍ॅडब्लॉकर वापरा, असा सल्ला दिला होता.

पण कधी फॉर्म भरताना ‘पुढे जा’चं बटण ढिम्म हलत नाही. आपण साइटला शिव्या घालतो. लॉगर पाहावा तर बटणाला लागणारी स्क्रिप्टच लाल झालेली. त्या साइटपुरता ब्लॉकर बंद केला की काम होतं. किल्ल्यांवर किंवा पाककृतींवर मन लावून लिहिणाऱ्या छोट्या मराठी साइटचं दुखणं वेगळं: जाहिराती अडल्या की त्यांची कमाईच बुडते. मोठी वृत्तपत्रं वर्गणी मागू शकतात, यांच्याकडे वर्गणी कोण भरणार? अशा साइटवर मी ब्लॉकर बंद ठेवतो. अ‍ॅडब्लॉक प्लस या दुसऱ्या ब्लॉकरने मात्र २०११ पासून ‘सुसह्य’ जाहिराती सोडायला सुरुवात केली आणि त्यासाठी बड्या कंपन्यांकडून पैसे घेतले. ही नाक्यावरची वसुली मला पटत नाही.

शिवाय, प्रत्येक साइटवरचं सगळं वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी आपण ब्लॉकरला देतो. २०२० मध्ये ‘नॅनो अ‍ॅडब्लॉकर’ विकला गेला, नव्या मालकांनी त्यात घातक कोड घुसवला आणि वापरणाऱ्यांच्या इन्स्टाग्रामवरून आपोआप लाइक जाऊ लागले. म्हणून ब्लॉकर कुणाचा आहे ते पाहावं, आणि ब्राउझरच्या स्टोअरमध्ये शोधताना ‘ओरिजिन’ हा शब्द गाळू नये. नुसत्या ‘यूब्लॉक’ नावाचं एक्स्टेन्शन वेगळ्याच लोकांचं आहे.