स्क्रिप्ट अडकली, हजेरीची यादी रखडली : दोष शोधायचा कुठे?

गेल्या वर्षी स्कॉलरशिपच्या अर्जांची मुदत संपायला दोन दिवस होते. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. तो एका शाळेचं संगणकाचं काम बघतो. म्हणाला, "सर, मुलींच्या हजेरीची टक्केवारी काढायची आहे. स्क्रिप्ट लावली की पान फिरतच राहतं आणि शेवटी बंद पडतं." टक्केवारी नाही तर दाखला नाही, दाखला नाही तर अर्ज अपुरा. आपल्या घरातली बरीच मुलं आज बीसीए, आयटी करतात. त्यांच्यापुढे हा प्रसंग आज ना उद्या येणारच, म्हणून सविस्तर लिहितो.

त्याने आधी काय केलं? सर्व्हरची वेळमर्यादा वाढवली. हे म्हणजे मर्ज न ओळखता दवा देणं झालं. आधी हिसाब करा. शाळेत १२०० विद्यार्थी, वर्षाचे साधारण २२० दिवस, १२ वर्षांची नोंद. म्हणजे हजेरीच्या टेबलात ३१ लाख ६८ हजार ओळी. स्क्रिप्ट काय करत होती? एकेक विद्यार्थी घ्यायचा आणि त्याची हजेरी टेबलात शोधायची. असं १२०० वेळा. प्रत्येक वेळी अख्खं टेबल वाचलं जात असेल तर ३८० कोटी ओळी वाचाव्या लागतात. मग यंत्र तरी काय करणार?

अख्खं टेबल वाचलं जातंय का, हे कसं कळेल? मायएसक्यूएलमध्ये क्वेरीच्या आधी 'एक्सप्लेन' हा शब्द लावून ती चालवा. उत्तरात 'टाइप'खाली 'ऑल', 'की'खाली 'नल' आणि 'रोज'खाली लाखांचा आकडा दिसला, की समजा सगळं टेबल चाळलं जातंय. आमच्याकडे नेमकं हेच निघालं.

इलाज म्हणजे इंडेक्स. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव शोधायचं तर पानापान उलटावं लागतं. पण नावांची अकारविल्हे यादी आणि समोर पान क्रमांक असेल तर काम मिनिटाचं. विद्यार्थी क्रमांक आणि तारीख या दोन कॉलमवर मिळून एक इंडेक्स केला. आता एका मुलीसाठी तिच्या त्या वर्षाच्या २२० ओळीच वाचल्या जातात. १२०० जणांच्या मिळून २ लाख ६४ हजार. कुठे ३८० कोटी आणि कुठे हे!

पण एक गफलत राहिली होती. क्वेरीत तारखेवर 'इयर' हे फंक्शन लावलं होतं. कॉलम असा फंक्शनमध्ये गुंडाळला की इंडेक्समधल्या तारखेचा उपयोग होत नाही. म्हणून 'अमुक तारखेपासून पुढे आणि तमुक तारखेच्या आधी' अशी सरळ अट घातली.

याहून चांगलं म्हणजे १२०० क्वेऱ्या करूच नयेत. 'ग्रुप बाय' वापरून एकाच क्वेरीत प्रत्येकीचे हजर दिवस मोजून घ्यावेत. मोजणी डेटाबेसला करू द्या. लाखो ओळी पीएचपीच्या अ‍ॅरेत भरल्या तर मेमरी संपते.

आणखी तीन गोष्टी मुलांनी ध्यानात ठेवाव्यात :

१. लाखो ओळी बदलायच्या असतील तर प्रत्येक ओळीला वेगळा कमिट नको. दर कमिटला डिस्कवर लिहावं लागतं. हजार-हजार ओळींचा गट करून एका ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा.

२. तुकड्यातुकड्याने वाचताना मोठा 'ऑफसेट' देऊ नका. नऊ लाख ओळी सोडून पुढच्या हजार मागितल्या, तरी त्या नऊ लाख वाचून टाकूनच द्याव्या लागतात. शेवटचा वाचलेला क्रमांक लक्षात ठेवा आणि 'याच्यापेक्षा मोठे' असे पुढचे मागा.

३. लांबलचक काम ब्राउझरमधून चालवू नका. कमांड लाइनवरून पीएचपी चालवली तर तिची वेळमर्यादा मुळात नसते.

मात्र दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स करत सुटू नये. प्रत्येक इंडेक्स जागा घेतो आणि नवी नोंद लिहिताना तोही बदलावा लागतो. काहीही करण्याआधी बॅकअप घ्या आणि प्रयोग टेबलाच्या कॉपीवर करा. मुलांची १२ वर्षांची नोंद ही अमानत आहे, घाईत ती बिघडली तर परत आणणार कुठून?

त्या रात्री यादी काही सेकंदांत निघाली. दुसऱ्या दिवशी दाखले छापले गेले आणि मुलींचे अर्ज वेळेत गेले, अल्हम्दुलिल्लाह. नवा सर्व्हर घ्यावा लागला नाही, एक रुपयाही खर्च झाला नाही. तेव्हा स्क्रिप्ट अडकली की आधी मोजा, मग हात लावा.